तिचा आकडा, माझा अंगठा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मिरच्यांची देठं खुडणं. चाळीच्या गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं पसरून दुपारभर बसलो होतो. बेडगी आणि थोडी काश्मिरी तिच्याकडं, संकेश्वरी माझ्याकडं. संकेश्वरी हाताला झोंबते. तिचं म्हणणं, "तुमचे हात गिरणीतच मेलेत, त्यांना काय कळतंय." दर वर्षी हेच म्हणायची आणि दर वर्षी तिखट ढीग माझ्यापुढं सरकवायची.

खुडून झाल्यावर तिनं पदराला हात पुसले आणि फोन घेतला. "अहो, अंगठा द्या जरा."

मी अंगठा लावला. फोन उघडला.

हे अंगठ्याचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिच्या बोटांना रेघा उरल्या नव्हत्या. चाळीस वर्षं लोकांकडची भांडी घासली, राख आणि काथ्यानं. रेघा भांड्यांबरोबर गेल्या. रेशन दुकानातल्या मशीनवर ती अंगठा ठेवायची आणि मशीन सांगायचं, जुळत नाही. तो दुकानदार तिला वीस वर्षं ओळखत होता. तिच्या हातचा मसाला खाल्लेला माणूस. तरी तोंड वर करून म्हणायचा, "ताई, मशीन ओळखत नाही, मी काय करू?" ती समोर उभी, आणि ती तीच आहे हे सांगायला मला माझा अंगठा घेऊन जावं लागायचं. 

फोन विकत घेतला तेव्हाही तसंच. दादरच्या दुकानातल्या पोराटोरांनी तिचा अंगठा दहादा दाबून बघितला. शेवटी विकणारा म्हणाला, "काकांचा लावू का?" लावला. मग म्हणाला, एक चार आकडी नंबरपण टाका. तिनं माझ्याकडं पाठ केली आणि टाकला. मी विचारलं काय टाकलास, तर म्हणाली, "तुम्हाला कशाला? तुमच्या पोटात पाणी तरी राहतं का?" मला त्याचं काही वाटलं नाही. अंगठा माझाच होता. त्यानंतर विकणाऱ्यानं एक लांबलचक इंग्रजी कागद काचेवर सरसर वर ढकलला आणि खाली माझंच बोट दाबून घेतलं. "हे काय?" "काही नाही काका, सगळे मान्य करतात." माझी चौथी, तिची तिसरी. दोघं मिळून सातवी पास. आम्ही मान्य केलं. काय मान्य केलं ते त्या विकणाऱ्यालाही ठाऊक नसणार, ह्याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

तर त्या दुपारी तिनं फोनमध्ये मसाल्याचं प्रमाण बोलून ठेवलं. प्रमाण तिच्या आईचं. पोरीलासुद्धा दिलं नव्हतं, तयार मसाल्याचा डबा द्यायची. चाळीतल्या बायकांनी किती गोड बोलून बघितलं, पण ही हसून विषय बदलायची. लिहून ठेव म्हटलं तर म्हणायची, लिहिलेलं कुणीपण वाचतं. पण ब्लडप्रेशरच्या गोळ्या लागल्यापासून विसरायला लागली होती. आदल्या वर्षी दगडफूल राहिलं, तर वर्षभर प्रत्येक जेवणाला कबुली देत होती. म्हणून ह्या वर्षी फोन.

"पाच किलोला सांगते," असं तिनं सुरू केलं, रेडिओवरच्या बाईसारखं. "बेडगी तीन, संकेश्वरी दीड, काश्मिरी अर्धा. धणे अडीच, चांगले हिरवट बघून. जिरं पाव. बडीशेप पाव."

इथं मला ठसका लागला. दीड किलो संकेश्वरी खुडलेल्या माणसाला लागणारच.

"ह्यांना आजच खोकायचं होतं," ती फोनलाच म्हणाली. मी म्हटलं, पुसून टाक, परत पहिल्यापासून सांग. "राहू दे. कळेल तरी कुणाच्या घरातलं आहे." आणि फोन घेऊन आत गेली, दार लोटलं आणि उरलेलं आत बोलली. मी बाहेर मिरच्या डब्यात भरत होतो. आतून नुसती गुणगुण येत होती. मला काय माहीत, कान देऊन ऐकायला पाहिजे होतं ते.

चौथ्या दिवशी तिच्या छातीत दुखलं. परळच्या इस्पितळात तीन दिवस होती. मग नव्हती.

त्या तीन दिवसांत फोनकडं कोण बघतो. घरी आलो तेव्हा तो मेला होता. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, माणसं पांगली, मग एक दिवस मी तो चार्जिंगला लावला. चालू झाला. अंगठा ठेवला. तर म्हणतो, नंबर टाका. फोन बंद पडून परत चालू झाला की अंगठा चालत नाही म्हणे, आधी आकडा लागतो. हा नियम कुणी केला, कधी केला, मला कुणी विचारलं? मान्य केलंस ना, असं म्हणतील. त्या सरसरत्या कागदात असेल.

आकडा तिच्याबरोबर गेला होता.

मी खोलीचा नंबर टाकून बघितला. पोरीचं जन्मसाल. आमच्या लग्नाचं साल. माझा गिरणीतला बिल्ला नंबर, तो तिला पाठ होता. प्रत्येक वेळी फोन थरथरायचा आणि आधी एक मिनिट, मग पाच, मग तास, मग दिवसभर थांबा म्हणायचा. मला शिक्षा. शाळेत मास्तर अंगठे धरून उभं करायचे, त्या मास्तरांना निदान तोंड होतं.

तिचा आवाज दुसरीकडं कुठंही नाही, हे मला तेव्हा लक्षात आलं. इतक्या वर्षांत तिचे फोटो निघाले, लग्नांतले, बारशातले. आवाज कोण ठेवतो? माणूस घरात बोलतच असतो, ठेवायचा कशाला? आता होता तो एवढाच. पाच किलोचं प्रमाण, मध्ये माझा ठसका. आणि तो माझ्या हातातल्या डबीत, माझ्याच अंगठ्याखाली.

कंपनीला फोन केला. मराठीसाठी दोन दाबा. दोन दाबलं, तर हिंदी बोलणारा आला. त्याआधी वीस मिनिटं एक बाई सांगत होती की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाच्या माणसाला कुणी वीस मिनिटं दारात उभं करत नाही.

"सर, फोन किसके नाम पे है?"

"बायकोच्या."

"सिक्युरिटी के लिए मॅडम को लाइन पे दीजिए."

"वारली ती."

तो थांबला. कागद बघत असणार. मग म्हणाला, "ओके सर. मॅडम को लाइन पे लाना पडेगा."

मी शिवी दिली. त्यानं ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, और कुछ सहायता?

पोरगी लांब दिवा स्टेशनला राहते, रविवारी आली. तिनं मृत्यूच्या दाखल्याचा फोटो काढून कंपनीला तक्रार लिहिली. आठ दिवसांनी उत्तर आलं. पोरीनं वाचून दाखवलं: आम्ही ग्राहकाच्या खासगीपणाला सर्वोच्च मानतो.

"ग्राहक कोण?" मी विचारलं.

"आई."

"आणि खासगी काय? धणे अडीच?"

"बाबा, त्यांचा नियम आहे. कुणी दुसऱ्यानं उघडू नये म्हणून."

"मी दुसरा?"

 पोरीच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण मी बघितलं नाही असं केलं. चोपन्न वर्षं एका खोलीत, एका मोरीत, एका पंख्याखाली संसार केला. आमच्यात खासगी ठेवायला जागा होती कुठं? आणि आता हे कोण शहाणे, तिला माझ्यापासून सांभाळणारे?

त्या उत्तराच्या खाली लिहिलं होतं की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, आपण किती समाधानी आहात ते तारे देऊन कळवा. पोरगी म्हणाली, एक तारा देऊ का? मी म्हटलं, एकही नको, तर तसं देता येत नाही. कमीत कमी एक द्यावाच लागतो. अशी ही हलकट जात. शिवी द्यायची तरी आधी एक तारा हातावर ठेवा.

सरकारच्या ग्राहक खात्याकडंही पोरीनं तक्रार लिहिली. त्यांनी ती पुढं पाठवली. कुठं? कंपनीकडंच. कंपनीनं तेच उत्तर त्यांनाही दिलं आणि त्यांनीही ती सुटली म्हणून बंद केली. गिरणीत निदान युनियन होती, खोटं बोलायला तरी माणूस समोर यायचा.

इकडं डब्यातल्या मिरच्या वाट बघत होत्या. हवा दमट व्हायला लागली होती. मिरचीला ओल लागली की बुरशी धरते, मग फेकायचीच. पोरगी म्हणाली, मी तयार मसाला आणून देते, तुम्ही त्रास करून घेऊ नका.  बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

शेवटी एका मंगळवारी मी फोन घेऊन दादरला कंपनीच्या दुरुस्तीच्या ऑफिसात गेलो. आत गार हवा, हातात टोकन, भिंतीवर हसरी कुटुंबं. काउंटरवर एक मुलगी होती, पोरीपेक्षा लहान. तिनं दाखला बघितला, फोन बघितला.

"अंकल, रीसेट करून देऊ शकते. फोन नव्यासारखा होईल."

"आणि आतलं?"

"ते जाईल."

"मग नव्या फोनाला काय चाटू?"

ती हसली नाही, रागावलीही नाही. खुर्ची पुढं ओढून हळू बोलली. "अंकल, खरं सांगते. आत जे आहे ते आहे. गेलेलं नाही. पण ते आम्हालाही उघडता येत नाही. कोर्टाचा कागद आणलात तरी आमच्या ऑफिसला नाही येणार. आकडा लागला तरच."

"किती वेळा चुकलो मी?"

तिनं बघितलं. "ह्या मॉडेलला आता एकदाच चान्स आहे. परत चुकलात तर फोन आपोआप सगळं पुसतो."

"हे तरी आधी कुणी सांगितलं?"

"सेटिंगमध्ये असतं," ती म्हणाली, आणि मग तिलाच लाज वाटली असावी. "सॉरी अंकल."

एवढ्या दिवसांत मला सॉरी म्हणणारी ती पहिली. तिचा त्यात काही दोष नव्हता. ज्यांचा होता ते कुठं बसतात तेही कुणाला ठाऊक नाही.

तिनं विचारलं, आकडा काय असेल, काही अंदाज? होता. दोन दिवस डोक्यात घोळत होता. तिची आई गेली ते साल. प्रमाण आईचं, तर आकडाही आईचा असेल. मी बोट काचेवर नेलंसुद्धा.  मग मी बोट मागं घेतलं. आतापर्यंत तो आवाज तिच्या आकड्यानं बंद होता. चुकलो तर माझ्या बोटानं पुसला जाईल. कंपनीनं मारला असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"राहू दे," मी म्हटलं. घरी येऊन फोन बंद करून तिच्या साड्यांच्या ट्रंकेत ठेवला. असू दे आत. तिला खासगीच हवं होतं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरच्यांचे दोन्ही डबे घेऊन लालबागला मसाल्याच्या गल्लीत गेलो. आधी दुकानातून धणे घेतले, अडीच किलो, हिरवट बघून. जिरं पाव. बडीशेप पाव. दुकानदार म्हणाला, "आजोबा, पुढं? लवंग, दालचिनी, दगडफूल?"

"नाही. एवढंच."

कांडणाऱ्यानं डबे उघडून बघितले. दर वर्षी तीच यायची, मी नुसता ओझं उचलायला. त्यानं तिची चौकशी केली, मी सांगितलं. त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. दाखला मागितला नाही.

मग माल बघून म्हणाला, "काका, हे अर्धंच आहे. बाकीचा गरम मसाला मी घालतो, लोक घालतात तसा."

"नको. मला माहीत आहे तेवढंच कांड."

"चव नाही लागणार."

"नको लागू दे."

ज्याचा माल त्यानं कांडून होईपर्यंत समोर बसायचं असतं, नाहीतर दुसऱ्याचा माल मिसळतो. तिनं मला हे शिकवलं होतं. मी पालथ्या डब्यावर बसलो. कांडायचा डंका सुरू झाला, मिरची उडायला लागली, शेजारच्या दोन बायकांनी पदर तोंडाला लावले. सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला ठसका लागला आणि बराच वेळ थांबला नाही. कुणी काही म्हणालं नाही. काम संपल्यावर मी डबे मोजून घेतले, झाकणं घट्ट लावली आणि घरी आलो.