अमेरिकन इंजिनाचे सेवेकरी

पाच म्हातारे, एक मी आणि एक न चालणारं इंजिन. एवढ्याशा सामानावर किस्से किती साचावेत? सिंकखाली प्लास्टिकच्या पिशव्या साचतात तसे साचलेत. मुद्दाम कोणी जमवले नाहीत.

इंजिन वाफेचं, अमेरिकेत बनलेलं. बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला. योकोहामात आमच्या बिल्डिंगमागच्या पार्कमध्ये ते उभं आहे आणि दर रविवारी आमचं मंडळ ते पुसतं. मंडळ आता थकलंय. मीही थकलोय, आठवडाभर बँक आणि रविवारी बॉयलर. त्यात माझं पोस्टिंग संपत आलंय, आणि नवीन माणूस तर कोणी येत नाही. यंदाच्या वार्षिक सभेत मंडळ बंद करायचा ठराव आहे. तो झाला की इंजिन वॉर्ड ऑफिसच्या ताब्यात, आणि तिथून भंगारात. याचं मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं याचंच नवल वाटतं.

* * *

मी यात अडकलो कसा? मुलीला पार्कमध्ये घेऊन गेलो होतो. हात धुवायचे म्हणून एका आजोबांना विचारलं, नळ कुठे आहे? ते निघाले मंडळाचे अध्यक्ष, हिरानो-सान. त्यांनी नळ दाखवला आणि हातात फडकं दिलं.

"आधी हे चाक पुसून घ्या. नाहीतर हात दोनदा धुवावे लागतील."

मुद्दा बरोबर होता. त्याला चार वर्षं झाली. सायली, म्हणजे माझी बायको, म्हणते, "घरातला एक्झॉस्ट फॅन कधी पुसला नाहीस तो!"

* * *

कुरोदा-सान रेल्वेचे रिटायर्ड ड्रायव्हर. इथले ड्रायव्हर सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणतात, "सिग्नल हिरवा." हाडात मुरलेली सवय. आमच्या इंजिनासमोर सिग्नल नाही, गिंकोचं झाड आहे. काम सुरू करण्याआधी कुरोदा-सान केबिनमध्ये चढतात, झाडाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "हिरवा." मग आम्ही फडकी ओली करतो.

नोव्हेंबरात झाड पिवळं झालं. ते चढले, बोट दाखवलं, जरा थांबले.

"पिवळा. सावकाश."

त्या दिवशी सगळ्यांनी सावकाश पुसलं. पानं गळल्यावर ते काय म्हणतात, हे ऐकायला मी त्या रविवारी गेलोच नाही.

* * *

एका दसऱ्याला मी गुपचूप इंजिनाला झेंडूचा हार घातला आणि उजव्या सिलिंडरला हळदीकुंकू लावलं. घरी स्कूटरला लावायचो, तर याला का नको? दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी ओनो-सान यांचा फोन. वाटलं, आता रंग खराब केला म्हणून बोलणी बसणार.

"माफ करा, पाहणीत एक गोष्ट आढळली," ते म्हणाले. "डाव्या सिलिंडरला राहिलंय."

* * *

एकदा एक अमेरिकन टुरिस्ट पार्कमध्ये आला. पणजोबा त्याच कारखान्यात कामाला होते म्हणे. म्हाताऱ्यांना काय करू नि काय नको असं झालं. त्याला केबिनमध्ये बसवलं, चहा पाजला, फोटो काढले. मग ओनो-सान समोर येऊन वाकले.

"केबिनची डावी खिडकी पहिल्यापासून नीट लागत नाही. इतकी वर्षं कोणाला सांगावं ते कळत नव्हतं."

भाषांतर माझ्या नशिबी. तो बिचारा गडबडून म्हणाला, "आय ॲम सो सॉरी."

"मिटलं," हिरानो-सान म्हणाले.

खिडकी अजूनही लागत नाही. पण आता तक्रार कोणी करत नाही.

* * *

मंडळाची एक जुनी रीत आहे. दर नववर्षाला कारखान्याच्या पत्त्यावर एक कार्ड पाठवायचं : 'तुमचं इंजिन सुखरूप आहे.' दरवर्षी ते परत येतं, वर शिक्का असतो, असा पत्ता नाही. वार्षिक सभेचा पहिला विषय हाच, 'कारखान्याचं उत्तर'. ओनो-सान परत आलेलं कार्ड सगळ्यांना दाखवतात, आम्ही वाकतो, आणि मग दुसरा विषय घेतला जातो. पहिल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही, हा मंडळाचा नियम. यंदा दुसरा विषय मंडळ बंद करण्याचा.

कार्ड पोस्टात टाकणं हे ओनो-सानांचं काम. यंदा हिरानो-सान म्हणाले, मीच टाकतो. गुडघा सुजलेला, हातात काठी, तरी एकटेच गेले.

कार्ड मार्चपर्यंत परत येतं. आता जून संपत आला.

गेल्या रविवारी वॉर्ड ऑफिसचा तरुण साहेब फाईल घेऊन आला. सभा कधी, ठराव कधी, असं त्यानं फार अदबीनं विचारलं. ओनो-सान इंजिनाच्या चाकाकडे बघत बसले. कुरोदा-सान झाडाकडे.

"कारखान्याचं उत्तर यायचंय," हिरानो-सान म्हणाले. "त्याआधी सभा घेता येत नाही."

साहेबानं फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. मग विचारलं, "साधारण किती दिवस लागतील?"

हिरानो-सानांनी बादलीत फडकं बुडवलं, नीट पिळलं.

"अमेरिका लांब आहे."