लाल पाटी काही येईना

आरामात बसा, चहा घ्या. इतक्या आत्मविश्वासानं तोंडावर आपटलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, म्हणून मुद्दाम सांगतो. मधे कोणी हसायचं नाही हं! कारण त्या दिवशी मी फार गंभीर होतो.

पेन ड्राइव्ह नवीन नवीन आले होते, तेव्हाची गोष्ट. वर्ध्याच्या एमआयडीसीत आमची बियाण्यांची कंपनी. सोयाबीन, कपाशी, तूर. मी तिथला कम्प्युटर इन्चार्ज. नागपूरला कोर्स केलेला, त्यामुळे ऑफिसात माझा शब्द शेवटचा! प्रिंटर अडला की मी आधी थोडा वेळ डोळे मिटून उभा राहायचो आणि मग तो बंद करून पुन्हा चालू करायचो. लोकांना वाटायचं, काय अभ्यास आहे या माणसाचा!

त्या वर्षी शेठजी काळजीत होते. हंगामाच्या आधी डीलरचे रेट ठरतात आणि ते जाहीर होईपर्यंत गुपित ठेवावे लागतात. पण आदल्या वर्षी आमचे रेट आमच्या डीलरच्या आधी समोरच्या कंपनीत पोचले. समोरची म्हणजे अगदी समोरची. रस्ता ओलांडला की त्यांचं गेट. तिथले मालक मनोहरभाऊ.

"वानखडे," शेठजी म्हणाले, "यंदा एक आकडा बाहेर जाता कामा नाई. या कम्प्युटरले पक्कं कुलूप लावा."

"तुम्ही निर्धास्त राहा, शेठजी. बाजारातलं एकेक सॉफ्टवेअर तपासतो अन् त्यातला हिरा काढून देतो!"

पहिलं सॉफ्टवेअर ट्रायलवर टाकलं. ते इतकं सावध, की कम्प्युटर सुरू व्हायलाच घाबरायचा. बिलिंगच्या कविता मॅडम बटण दाबून चहाला जायच्या, मैत्रिणीशी बोलून परत यायच्या, तरी हा आपला व्हायरसच शोधून राह्यला! नापास.

दुसरं घेऊन नागपूरहून तिवारी आला. मे महिन्यात, वर्ध्यात, गळ्यात टाय! मी तिथंच प्रभावित झालो.

"सर, हे फक्त व्हायरस नाही पकडत," तिवारी म्हणाला. "तुम्ही जी फाईल गुप्त म्हणाल, ती कोणी मेलनं बाहेर पाठवायला गेला की मेल जागेवर अडते. स्क्रीनवर लाल पाटी! मुंगीसुद्धा बाहेर जाणार नाही."

त्यानं ते सगळ्या कम्प्युटरवर टाकलं. रेटची फाईल गुप्त म्हणून नोंदवली. मग तो मला काहीतरी समजावू लागला. पण मी नेमका तेव्हा शेठजींना समजावत होतो. तिवारी म्हणाला, "सर, एक बात ध्यान में रखना..." मी हात वर केला. "समजलं, समजलं! या तुम्ही." बिचारा गाडी पकडायला निघून गेला.

आता साधा माणूस काय करतो? एखादी खोटी फाईल घरच्या मेलवर पाठवून बघतो. पण मी साधा होतो का?

"शेठजी," मी म्हणालो, "खरी परीक्षा घ्यायची तर खरा चोर व्हावं लागते. खरी फाईल लावतो, अन् मेल थेट मनोहरभाऊले!"

"काऊन बा? अन् गेली तर?"

"जाईलच कशी?"

सगळं ऑफिस माझ्या खुर्चीमागं जमलं. मनोहरभाऊंचा मेलचा पत्ता त्यांच्या गेटवरच्या बोर्डावरच होता. मी मोठ्यानं वाचत टाइप करू लागलो. "आदरणीय भाऊ, मी इथं कंटाळलो आहे. आमच्या शेठजींना बियाण्यातलं काही कळत नाही." मी मान वळवून विचारलं, "शेठजी, चालते ना?"

"लिहा लिहा. चोर असली वाटला पाहिजे."

"कंजूष लिहू?"

शेठजी जरा थांबले. "लिहा."

मला जोर चढला. "ते अत्यंत कंजूष आहेत. यंदाचे रेट सोबत जोडले आहेत. मला आपल्या पायाशी जागा द्यावी. आपला, वानखडे." फाईल जोडली, बोट उंच नेलं आणि बटण दाबलं!

सगळे स्क्रीनकडं बघत राहिले. वर पंखा करकरत होता.

स्क्रीनवर आलं, 'मेसेज सेंट'.

"सर," कविता मॅडम हळूच म्हणाल्या, "सेंट म्हणजे गेला ना?"

"नाई मॅडम. तसं दाखवते ते. चोर गाफील राहावा म्हणून. आता पाहा, लाल पाटी येईल."

आम्ही वाट पाहिली. शेठजींनी चष्मा पुसून पाहिलं. लाल तर सोडाच, गुलाबीसुद्धा काही येईना!

मी तिवारीला फोन लावला. "अरे, तुमची पाटी कुठं आहे?"

"सर, मी सांगत होतो ना! आता ते फक्त वॉचवर आहे. पहिला आठवडा ते नुसतं पाहते. रोखायचं बटण मी सोमवारी येऊन चालू करणार."

"म्हणजे आमची मेल त्यानं..."

"पाहिली असेल ना, सर! एकदम बराबर पाहिली असेल."

घ्या! चोर पोतं घेऊन चालला आणि चौकीदार म्हणतो, मी पाहिलं बरं का!

मी धावत जाऊन इंटरनेटची वायर उपटली. कशासाठी? ते आजवर कळलं नाही. मग परत जोडली आणि दुसरी मेल केली, 'कृपया आधीची मेल वाचू नये.' आता मला सांगा, अशी मेल आल्यावर कोणता माणूस आधीची वाचणार नाही?

शेठजींचा चेहरा पाहायची हिंमत नव्हती. मी तसाच रस्ता ओलांडून पळालो.

मनोहरभाऊ केबिनमध्ये कम्प्युटरला नाक लावून बसले होते. "या या वानखडे! तुमचंच वाचून राह्यलो. चिट्ठी टाकली अन् मागोमाग स्वतः हजर? भलते घाईत आहा बा!"

"भाऊ, ते खरं नाई! आम्ही सेक्युरिटी तपासून राह्यलो होतो."

"बसा, दम घ्या. नोकरी मागाले लाज कायची?" त्यांनी माझ्यासाठी थंडगार पन्हं मागवलं. "बरं, तुम्हाले काय काय येते?"

आता काय सांगू? तोंडातून निघालं, "सेक्युरिटी."

पन्ह्याचा ग्लास तोंडाला लावला आणि दार उघडलं. दारात शेठजी! मला पाहून ते गारच पडले.

"मी समजलो माणूस मेल थांबवाले गेला. अन् हा तर खरंच इंटरव्ह्यू देऊन राह्यला!"

"शेठजी, देवाशपथ नाई!" मी ग्लाससकट उभा राहिलो. अर्धं पन्हं मनोहरभाऊंच्या टेबलावर.

मग मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिवारी, वॉच, लाल पाटी, सगळं. मनोहरभाऊ इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. डोळे पुसून ते म्हणाले, "शेठजी, तुमचे रेट तर मले कालच कळले. तळेगावचा तुमचा डीलर माझ्या साळ्याचा दोस्त आहे. तुम्हीच त्याले फोनवर सांगून टाकले."

शेठजी आता माझ्याकडं बघेनात. "जाऊ द्या," ते गुरगुरले. "नव्यानं रेट काढतो. पण मी कंजूष आहो ना? मग ठेवून घ्या या माणसाले तुमच्याकडं!"

मनोहरभाऊंनी लगेच दोन्ही हात जोडले. "नाई नाई, शेठजी! यायले तुमच्याच इथं राहू द्या. तिथून ते आमच्या जास्त कामाचे आहेत."

आणि शेठजींनी खरंच ठेवलं. आता तुम्हीच सांगा, दोन-दोन मालकांना एकाच खुर्चीवर हवा असलेला कम्प्युटर इन्चार्ज अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा दाखवता का?