दोडक्याचं आडनाव

आमचं आडनाव दोडक्यावरून आलेलं आहे. पूर्वजांनी दोडके पिकवले की नुसते आवडीने खाल्ले, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत अशा आडनावावर एक सोपा उपाय होता. ते गाळायचं आणि ‘राव’ लावायचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नोकरीला लागताना तेच केलं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी कॉन्व्हेंट शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. परीक्षेच्या अर्जात जाईल ते नाव कायमचं, म्हणून मलाही राव करायचं अण्णांनी ठरवलं. वर्गातल्या मुली मला ‘हीरेकाई अक्का’ म्हणत. हीरेकाई म्हणजे कानडीत दोडका. त्यामुळे मीही तयार होते.

त्याच आठवड्यात इतिहासाच्या सिस्टरनी रोमच्या एका जुन्या घराण्याबद्दल सांगितलं. फेबियस हे त्यांचं कुळाचं नाव. ते स्वतःला हर्क्युलिसचे वंशज म्हणवत. कुणी म्हणे, पूर्वज लांडगे पकडायला खड्डे खणत, त्यावरून हे नाव पडलं. पण पुष्कळांच्या मते ते ‘फाबा’वरून आलं, आणि फाबा म्हणजे पावट्याच्या जातीची शेंग. मूळ पुरुष शेंगा चांगल्या पिकवत असावा.

“मोठे झाल्यावर त्यांनी नाव बदललं?” मी विचारलं.

“कशाला? त्याच नावाने सेनापती झाले.”

संध्याकाळी मी अण्णांना सांगितलं, राव नको. कारणही सांगितलं.

“ते लोक कधीच मेले,” अण्णा म्हणाले. “इथले हसणारे जिवंत आहेत.”

“हसू देत.”

“स्वल्प डोकं चालव. लग्नात बदलणारच आहे. चार वर्षांसाठी हट्ट कशाला?”

“मग चार वर्षांसाठी तुम्ही तरी कशाला बदलता?”

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर शाळेत आले. मुख्याध्यापिकांनी पेन उचललं. अण्णा म्हणाले, “राव.” मी आमचं आडनाव सांगितलं, मोठ्याने. परक्यांसमोर मुलीशी वाद घालणं अण्णांना जमायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

“सरी, बरं,” ते म्हणाले. “ती म्हणते तेच लिहा.”

घरापर्यंत ते माझ्या पुढे चालत राहिले. मीही त्यांना गाठायला पाय उचलले नाहीत.

पुढे स्थळ आलं, तेव्हा पहिल्याच बैठकीत मी सांगितलं की लग्नानंतरही हेच आडनाव लावीन. मुलाचे वडील हसायला लागले.

“हसून घ्या,” अण्णा त्यांना म्हणाले. “ती काही बदलायची नाही.”