स्वच्छ प्लेटवरचा ब्रश

माझ्या मुलीची मान मी इतक्या जवळून कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. हेल्मेटच्या पट्ट्याखाली चिकटलेले ओले केस, कानामागून ओघळणारा घाम, जुन्या चामड्याचा आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा वास. ती माझ्यापुढे उकिडवी बसलेली, डाव्या हातात जाड ग्लव्ह. मी तिच्यामागे वाकलेली, तोंडावर जाळी, छातीवर पॅड. तिच्या खांद्यावरून मला चेंडू फेकणारा पिचर दिसत होता आणि त्याच्या डोक्यावर, लंडनजवळच्या स्लाऊच्या करड्या आकाशात, एकामागून एक खाली येणारी विमाने. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाच्या पाठीशी पंच नसतो. बेसबॉलमध्ये तो तिथेच असतो, कॅचरचा श्वास ऐकू येईल इतका जवळ.

खरे तर त्या जागी मी असायला नको होते. ठरलेल्या पंचाला सकाळी ताप भरला. पंच नसेल तर सामना रद्द, आणि हा सामना जिंकणाऱ्या संघालाच उपांत्य फेरीत जागा होती. माझ्या गाडीच्या डिकीत पंचाचा गडद निळा शर्ट होता, कारण दर रविवारी घडीच्या खुर्चीवर बसून थर्मासमधला चहा पिण्याला विटून मी आदल्या वर्षी पंचांचे प्रशिक्षण घेतले होते. इतरांच्या सामन्यांना मी उभी राहत असे. मुलीच्या सामन्याला कधीच नाही. दोन्ही कप्तानांनी एकमेकांकडे पाहिले आणि नाइलाजाने होकार दिला.

मुलगी साउथहॅम्प्टनला शिकते, सामन्यासाठी शनिवारी रीडिंगला घरी येते. तिने मला गाडीमागे ओढले.

“आई, लिसन. आज तू माझी आई नाही. तू ब्लू आहे. ओके?” निळ्या शर्टामुळे खेळाडू पंचाला ‘ब्लू’ म्हणतात.

“ओके.”

“आणि मला लागलं तर धावत येऊ नको, प्लीज. आम्ही जिंकलो तर कोणी म्हणायला नको, तिची आई होती म्हणून.”

तिचे मागणे एवढेच होते. जिंकले तर ते तिचे असावे.

प्लेट म्हणजे जमिनीत रुतवलेली पांढरी, पाचकोनी रबरी पाटी. तिच्यावर, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत, एक खिडकी आहे असे मानायचे. फलंदाजाने सोडलेला चेंडू त्या खिडकीतून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की तो बाद; चार बॉल झाले की त्याला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, आयता. या खिडकीला चौकट नाही, काच नाही. ती फक्त पंचाच्या डोळ्यांत असते, आणि दोन्ही संघांनी ती खरी धरून चालायचे.

आम्हाला शिकवणारा वृद्ध पंच म्हणे, चेंडू ग्लव्हमध्ये बसताच तोंड उघडू नका. क्षणभर थांबा, पाहिलेले पुन्हा पाहा, मग बोला. मला ते समजावून घ्यावे लागले नाही. कवितेच्या ओळीत यती असतो. जीभ तिथे थांबते आणि ओळ मात्र कानात चालत राहते. निर्णय त्या थांब्यात पिकतो.

त्या दिवशी मात्र त्या थांब्यात भलतेच कोणी येऊन बसले होते. सुरुवातीलाच मी मुलीच्या पिचरला एक स्ट्राइक दिला आणि समोरच्या संघाच्या बाकावरून आवाज आला, “वा, फॅमिली डे आउट!” सगळे हसले. तिथून पुढे तिच्या संघाचा कडेचा चेंडू आला की माझ्या कानात आधी ते हसू वाजे आणि मग तोंडातून शब्द निघे, “बॉल.”

मुलगी ग्लव्ह जागच्या जागी धरून ठेवी. कॅचरची ही मूक तक्रार. मागे वळून पंचाशी वाद घातला तर सगळ्यांदेखत त्याचा अपमान होतो, म्हणून जे बोलायचे ते पिचरकडे पाहत, ओठ न हलवता.

“ब्लू, तो कुठे गेला?”

“बाहेर.”

“किती बाहेर?”

“पुरेसा.”

समोरचा बाक हळूहळू गप्प झाला. त्या शांततेने मला अस्वस्थ केले. पंचावर कोणीच पूर्ण खूश नसते. एक बाजू इतकी निवांत झाली, तर तिला काहीतरी फुकट मिळत असणार.

मग एक चेंडू बॅटची कड चाटून वळला आणि माझ्या मुलीच्या मानेच्या मुळाशी बसला, पॅड आणि हेल्मेट यांच्यामधल्या बोटभर उघड्या जागी. तिंबलेल्या कणकेवर थाप पडावी तसा आवाज झाला. ती पुढे कलली, तळहात मातीत रुतला. माझे हात पुढे गेले. मी ते परत घेतले.

या खेळात एक जुनी रीत आहे. कॅचरला मार लागला, पण खेळ थांबवण्याइतका नसला, तर पंचाने त्याची विचारपूस करायची नाही. त्याने प्लेट झाडायची. कॅचरला दम घ्यायला वेळ मिळतो आणि तो मागितल्याची लाज त्याच्या वाट्याला येत नाही.

“टाइम,” मी म्हटले. प्लेटच्या पुढे जाऊन मैदानाकडे पाठ केली, वाकले, खिशातला छोटा ब्रश काढला. प्लेट स्वच्छ होती. मी ती झाडू लागले. आता आम्ही समोरासमोर होतो, दोघीही जमिनीलगत. जाळीमागे तिचे डोळे भरून आलेले.

“श्वास येतोय?” मी प्लेटलाच विचारले.

“येतोय. झाड अजून.”

मी झाडत राहिले. रबरावर ब्रशचे केस खरखरत होते.

“ब्लू, जेवायला बसायचंय का तिथे?” समोरच्या बाकावरून कोणीतरी ओरडले.

मुलगी हसली आणि त्या हसण्यानेही कळवळली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “तू माझी आई नाही हे दाखवायला तू आमचे स्ट्राइक घेते. दॅट्स स्टिल बीइंग माय मम.”

मी ब्रश खिशात ठेवला. कान तापले होते. उभी राहताना मी खिडकी पुन्हा आखली: इकडची कड, तिकडची कड, गुडघा, छाती.

शेवटच्या डावात मुलीचा संघ एका धावेने पुढे होता. समोरचा एक गडी बाद झाला की सामना संपणार. पण तिन्ही बेस भरलेले, तीन बॉल, दोन स्ट्राइक. आणखी एक बॉल म्हणजे सगळे एकेक बेस पुढे सरकणार आणि बरोबरी. पिचरने हात फिरवला. चेंडू बाहेरच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर, लाल शिवण भिरभिरत आला. फलंदाजाने तो सोडला. ग्लव्हमध्ये चट् वाजले.

मग तो थांबा. या वेळी तिथे दुसरे कोणी नव्हते.

“स्ट्राइक थ्री!”

फलंदाज वळला. तो चिडलेला नव्हता, आणि तेच मला टोचले. “मॅम, खरंच आत दिसला?”

“हो.”

बाकावरून आवाज आला, “थँक यू, मम!”

मुलीला तिचा संघ मिठ्या मारत होता. त्या गर्दीत ती क्षणभर थबकली. तिने ऐकले होते.

परतीच्या वाटेवर ती मानेला बर्फाची पिशवी लावून बसली होती. एम फोर महामार्गावरचे ट्रक आम्हाला हादरवत पुढे जात होते.

“खरं सांग. तो आत होता?”

“आत होता.”

“शुअर?”

“मैदानावर शुअर होते. इथे गाडीत नाही.”

तिने पिशवीतला बर्फ बोटांनी चाळवला. मग म्हणाली, “मी ग्लव्ह आत ओढला होता. थोडा.”

“सगळेच कॅचर ओढतात, चेंडू आत दिसावा म्हणून.”

“तू काय बघितलं? ग्लव्ह की बॉल?”

“बॉल,” मी म्हटले. “प्लेटवर होता तेव्हा.” म्हणता म्हणता तो पुन्हा डोळ्यांपुढे आला: कडेला घासून, कडेच्या आतून, कडेच्या जराशा बाहेरून. दर वेळी वेगळा, आणि दर वेळी अगदी स्पष्ट.

“सेमीला दुसरा ब्लू असेल,” ती काचेबाहेर पाहत म्हणाली. “मग बघू.”

तिने पिशवी उचलली. मानेखाली लाल वर्तुळ उमटले होते आणि त्यात चेंडूच्या शिवणीचे बारीक टाके, एकेक मोजता येतील इतके स्वच्छ. मला त्यावर बोट ठेवायचे होते. रीडिंगचा फाटा आला. मी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून इंडिकेटर दिला.