पडवीतली चूल आणि वरचा डबा

त्या पांढऱ्या डब्याचा राग मला अजून येतो. तळहातावर मावेल एवढा, पुढे काच, काचेवर आकडा. हवा चांगली असली की आकडा हिरवा, वाईट असली की लाल. आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने आलेल्या आयटीतल्या जोडप्याने तो बाळाच्या पाळण्याशेजारी ठेवला होता.

मुळशीत, ताम्हिणी घाटाच्या रस्त्याला आमचं घर. आषाढात इथे ढगच खाली उतरून खिडकीतून आत शिरतात, समोरचा गोठा दिसत नाही. मागच्या पडवीत आई चूल पेटवते ती अंघोळीचं पाणी तापवायला, कपडे सुकवायला आणि मुख्य म्हणजे गुडघे शेकायला. वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, तेव्हा गिझर म्हणजे नुसती भिंतीवरची शोभा.

एका सकाळी भाडेकरू डबा घेऊन खाली आला. आकडा लाल. चुलीच्या धुराने बाळाला त्रास होईल, असं तो अगदी शांतपणे म्हणाला. असल्या शांत बोलण्याची मला तिडीक आहे. पण मी काय केलं? मान डोलावली, आणि तडक आईला जाऊन चूल बंद करायला सांगितलं.

आई म्हणाली, "धुकं हाय रं ते. धूर असता तर डोळं चुरचुरलं असतं. वर जाऊन बघ की."

मी वर गेलो नाही. मशीन कधी खोटं बोलतं का, म्हणालो. वर हसलोसुद्धा.

तीन आठवडे चूल थंड होती. आई गार पाण्याने अंघोळ करायची, दमट लुगडं नेसायची. गुडघे इतके सुजले की भिंत धरून न्हाणीत जायची. तक्रार तिने एकदाही केली नाही, आणि मला ते सोयीचंच होतं.

आकडा मात्र लालच. भाडेकरूने पुन्हा येऊन विचारलं, काका, आजी चोरून चूल पेटवतात का? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या हातातला डबा ओढून घेतला आणि भर धुक्यात शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. ना चूल, ना गाडी, ना माणूस. आकडा घरातल्यापेक्षा वर गेला.

माझ्यामागून आलेल्या भाडेकरूने तिथेच मोबाइलवर शोधलं आणि ओशाळून सांगितलं. डब्यात प्रकाशाचा एक झोत असतो, त्याच्या आड येईल तो कण डबा मोजतो. तो धुराचा आहे की पाण्याचा, हे त्याला कळत नाही, त्यामुळे दमट हवेत आकडा फुगतो. माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलंही होतं म्हणे. मग ते वाचायचं कुणी, मुळशीतल्या ढगांनी? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढणारा मी.

तसाच भिजलेला आईकडे गेलो. डबा हातातच होता. म्हणालो, पेटव चूल, तुझंच खरं होतं, डब्याला धुकं कळत नाही.

आईने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी सांगितलं तवा खरं न्हवतं," ती म्हणाली. "आताबी त्या डब्यालाच इचारून आलास."