सगळ्या बाया घरी पोचल्या

मी तशी तोंडाची फटकळ, आणि कामाच्या बाबतीत तर विचारूच नका. पुण्यात कंपनीत बरीच वर्षं काढली, मग चंद्रपूरला परत येऊन घरूनच काम करू लागले. माझा थोरला भाऊ सिंदेवाहीच्या बाजूला, जंगलाला चिकटलेल्या एका गावात मास्तर आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याने एक ॲप बनवलं. बनवलं म्हणजे काय, हा एआयला मराठीत सांगत गेला आणि ते कोड लिहून देत गेलं. सुट्टीच्या दोन दिवसांत ॲप तयार, आणि गावात वापर सुरूसुद्धा!

ॲप होतं मोहासाठी. मोहाची फुलं पहाटे गळतात, म्हणून उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन जंगलात जातात. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं असतं. त्यामुळे गावातून घोळक्याने निघालेल्या बाया आत गेल्या की पांगतात. फुलं वेचणारी बाई वाकलेली असते, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. आदल्या वर्षी शेजारच्या गावातली एक बाई अशीच गेली होती. तिची मुलगी भावाच्या वर्गात होती. तेव्हापासून भावाच्या डोक्यात हेच बसलं होतं की बाई आली नाही हे गावाला लवकर कळायला पाहिजे. ॲपमध्ये जाताना ‘निघाली’ दाबायचं, आल्यावर ‘पोचली’ दाबायचं. नऊपर्यंत कोणाचं ‘पोचली’ आलं नाही, की भावाच्या आणि वनरक्षकाच्या फोनवर भोंगा वाजायचा.

भाऊ मला म्हणाला, थोडं पक्कं करून दे, बाई. मी कोड उघडला. डेटाबेसची चावी सरळ पानातच लिहिलेली. मी ब्राउझरमध्ये नुसता पत्ता टाकला, आणि पासवर्ड नाही, काही नाही, अख्खी यादी समोर आली. बाईचं नाव, फोटो, तिचं झाड कुठे आहे ते, आणि आत्ता ती घरी आहे की जंगलात. जगातला कोणीही उपटसुंभ बसल्या जागी बघू शकला असता, की अमकी बाई अमक्या झाडाखाली एकटी आहे. मी फोन करून भावाला असं झापलं की काय सांगू. तो बिचारा म्हणत राहिला, “अवो, पण चालून राह्यलं ना ते!” चालतंय, म्हणूनच तर भीती वाटत होती मला.

मग मी पंधरा दिवस त्या कोडच्या मागे लागले. एकच काम चार ठिकाणी चार तऱ्हेने लिहिलेलं होतं, एकीकडे हात लावला की दुसरीकडे काहीतरी बंद पडायचं. मी चावी पानातून काढली, ज्याची माहिती त्यालाच दिसेल असे नियम घातले, टेस्ट लिहिल्या, रोज बॅकअप निघेल अशी सोय केली. आणि लॉगिन टाकलं. मोबाईल नंबरवर ओटीपी येणार, तो टाकला तरच आत. एक नंबर म्हणजे एक माणूस, हे तर कोणीही सांगेल. त्या जुन्या कोडमध्ये नावांचा एक मोकळा रकाना होता. त्यात कोणीही कोणाचंही नाव भरू शकत होतं. मला तो कचरा वाटला. भावाला विचारायचंही सुचलं नाही, उडवून टाकला.

नवं ॲप लागल्यावर तीन दिवसांनी भावाचा निरोप आला, की बाया खूश आहेत, आधी घडीघडी दाबावं लागायचं, आता एकदाच दाबलं की झालं. मीही खूश झाले. एकदाच का दाबावं लागतंय, एवढा साधा प्रश्न माझ्या मनात आला नाही. शहाणपणाची हद्द झाली होती ना माझ्या!

पुढच्या रविवारी मी स्वतः बघायला म्हणून त्या गावी गेले. आदल्या संध्याकाळीच पोचले होते. सकाळी शाळेच्या व्हरांड्यात लॅपटॉप उघडून बसले. आठच्या सुमारास बाया परत यायला लागल्या. पडद्यावर हिरवी पाटी आली: सगळ्या बाया घरी पोचल्या. नऊ वाजून गेले, भोंगा वाजला नाही. भावाने चहा आणून दिला. मी त्याला ऐटीत सांगत होते, की याला म्हणतात काम.

साडेनऊला एक म्हातारी व्हरांड्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघून म्हणाली, तिची सून आली नाही. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, आल्यात त्या, हे बघा, सगळ्या आल्यात. म्हातारीने पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तुया त्याच्यात आली असन, बाई. माह्या घरी नाई आली.”

भाऊ माझ्याआधी उठला. सुनेच्या घोळक्यातल्या ज्या बाईकडे फोन असायचा, तिच्या घरी आम्ही धावत गेलो. ती फुलं वाळत घालत होती. तिने निवांतपणे सांगितलं, की त्यांच्या टोल्यावर, म्हणजे गावाच्या कडेच्या त्या वस्तीत, चालू फोन एकच, तिचा. आधी ती बाराजणींची नावं एकेक करून दाबायची. आता नावं विचारतच नाही, म्हणून निघताना एकदा दाबते आणि पोचल्यावर एकदा. मी तिला विचारलं, पण आज सगळ्या सोबत आल्या होत्या का? ती म्हणाली, नाई, आम्ही चारजणी पुढं आलो, बाकीच्या मागून येऊन राह्यल्या होत्या. बोलता बोलता तिचा हात फुलांवरच थांबला. तिला तेव्हा कळलं, आणि मलाही.

मी एका नंबरला एक माणूस समजले होते, आणि या गावात एका नंबरमागे बारा बाया होत्या. चारजणी आल्या आणि माझ्या ॲपने बाराजणी घरी आणून सोडल्या. बाकीच्या सातजणी मागून सुखरूप आल्या, ते नशीब. भावाचं ते उघडंवाघडं, चावी बाहेर ठेवलेलं ॲप असतं तर नऊला भोंगा वाजला असता. अर्धा तास आम्ही चहा पीत बसलो होतो.

भावाने वनरक्षकाला फोन लावला. गावातले पंधरा-वीस लोक डबे, काठ्या घेऊन तिच्या झाडाच्या दिशेने निघाले. मला राहा म्हणाले, पण मी ऐकलं नाही. गावात त्या म्हातारीसमोर बसायची माझी हिंमत नव्हती, खरं सांगते. रस्त्याने सगळे वाघाला नुसतं ‘तो’ म्हणत होते. जंगलात त्याचं नाव घेत नाहीत. नाल्याच्या रेतीत वनरक्षक वाकला, हात आडवा धरून सगळ्यांना थांबवलं आणि रेतीतल्या ठशावर स्वतःच्या हाताचा पंजा ठेवून बघितला. ठसा त्याच्या पंजाहून मोठा होता, आणि कडा अजून ढासळल्या नव्हत्या. म्हणजे तो नुकताच गेला होता. भाऊ माझ्या शेजारी चालत होता. तिथे त्याने हळूच विचारलं, “तो नावायचा रकाना काऊन काढला तू?”

कचरा वाटला, असं कसं सांगायचं? मी मनात नुसता जप लावला होता, बाई सापडू दे, बाई सापडू दे. एकदा वाटलं, चिंध्या दिसल्या तर मी काय करणार. मग वाटलं, आपण इथेच बसून राहावं, पुढे जाऊच नये. पाय मात्र चालत होते.

लोकांनी डबे बडवायला सुरुवात केली. आवाज थांबला की सगळे कान देऊन उभे राहायचे. तिसऱ्या वेळी वरून आवाज आला. खालून नाही, वरून. मोहाच्या झाडावर, दोन माणसं उंचीवर, बाई फांदीला मिठी मारून बसली होती. खाली टोपली कलंडलेली, फुलं पसरलेली. तिला हात देऊन उतरवलं आणि बुंध्याशी बसवलं. पोटऱ्या सोलून निघाल्या होत्या. भावाने पाणी दिलं, ते अर्धं अंगावर सांडलं. मी तिच्याजवळ बसले आणि रडायला लागले, तर तीच माझी समजूत घालायला लागली.

तो समोरच्या झुडपाशी बसून होता, म्हणाली. बऱ्याच वेळाने उठून गेला, पण गेला की लपला, ते समजत नव्हतं. बायांचे आवाज जवळून गेले, ते तिने ऐकले होते. वनरक्षकाने विचारलं, मग हाक का नाही मारली? दहा पावलांवरून बाया गेल्या असतील.

तिने माझ्याकडे बोट केलं. “यायनं बनवलं हाये ना ते ॲप. मी म्हटलं, आवाज काऊन करू, तो ऐकन. मी आली नाई हे ॲपले समजनच, लोकं येतीनच. म्हणून चुप बसली. आले ना मग तुम्ही.”

सगळे माझ्याकडे बघत होते. भाऊसुद्धा. मी हो म्हटलं असतं तर तिथे कोणी मला खोडलं नसतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती तशीच, त्याच भरवशावर, आत गेली असती.

“त्याला नाही समजलं,” मी म्हणाले. “तुमच्या सासूला समजलं.”