फाटक कुणी उघडलं

आमच्या घराभोवतीच्या अंगणात गवत कापायला कधी मशीन लागलं नाही. गवत गुडघ्याला टेकलं की आमचे गुराखी शिट्टीमामा फाटक उघडायचे, तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारायचे आणि गुरं रांगेनं आत यायची. ढवळी सगळ्यांत पुढे. चाळीस वर्षं त्यांनी आमची गुरं राखली. स्वतःचं म्हणावं असं त्यांना कुणी नव्हतं, ढवळी सोडली तर. तीही कागदोपत्री आमचीच.

आईची नजर गेली आणि ती खाटेला खिळली, तेव्हापासून खिडकीखाली चरणाऱ्या गुरांचा आवाज एवढीच तिची करमणूक. कोणती गाय कुठे आहे, ते ती पडल्यापडल्या सांगायची.

वडील गेल्यावर दादा शहरातून परतला आणि त्याला शेणाचा वास येऊ लागला. लहानपण गोठ्यात गेलेलं, पण नाक शहरातलं घेऊन आला होता. पाहुण्यांसमोर लाज नको म्हणून त्यानं फाटकाला कडी घातली आणि शिट्टीमामांना अंगणात पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं. आईचं जेवणावरून मन उडालं.

महिन्याभरानं एका दुपारी दादा बाहेर गेला, तशी मी गोठा गाठला. शिट्टीमामा नको नको म्हणत होते. मी म्हटलं, "आईसाठी. एकदाच."

गुरं सोडण्याआधी अख्खं अंगण फिरून बघायचं, हा त्यांचा शिरस्ता. दादा येईल म्हणून मी त्यांना तेवढाही वेळ दिला नाही, स्वतःच फाटकाची कडी काढली. आई खिडकीकडे तोंड करून हसली, तेव्हा मला माझंच फार कौतुक वाटलं.

दादानं त्याच आठवड्यात कुंपणाची कण्हेर छाटून घेतली होती आणि पाला गवतातच पडू दिला होता. हिरवी कण्हेर गुरं हुंगून सोडतात, वाळलेला विषारी पाला मात्र गवताबरोबर पोटात जातो. संध्याकाळी ढवळी आडवी झाली. डॉक्टर येईपर्यंत तिनं मान टाकली होती.

दादानं घर डोक्यावर घेतलं. फाटक कुणी उघडलं, हे एकच त्याला हवं होतं. पाल्याचं नाव कुणी काढलं नाही. मी दारातच उभी होते. शिट्टीमामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी उघडलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिशवी घेऊन ते निघून गेले. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. भित्री होते, दुसरं काही नाही.

परवा बाजारात दिसले. सत्तरी ओलांडलेला माणूस भाजीच्या पेट्या उचलत होता. मी तोंड चुकवून निघणार, तेवढ्यात त्यांनीच पेटी खाली ठेवली आणि जवळ येऊन हळूच विचारलं, "पोरी, नंतर तुझ्यावर काही आलं नाही ना?"

मी नाही म्हटलं.